इंजिन जोडताना बोल्ट जाम होऊ नयेत आणि आटे जाऊ नयेत म्हणून

जाम बोल्ट काढायच्या युक्त्या कुठल्याही गॅरेजात विचारा, दहा मिळतील. तापवा, ठोका, रात्रभर तेल सोडून ठेवा, डोक्यावर नट वेल्ड करा. पण बोल्ट जाम व्हायची तयारी बहुतेक वेळा मागच्या जोडणीतच झालेली असते: आट्यांत राहिलेली घाण, चुकीच्या भोकात गेलेला बोल्ट, तिरका धरलेला पहिला आटा, ‘अजून थोडा’ म्हणत दिलेला शेवटचा हिसका. म्हणून इथे काढण्याबद्दल थोडं आणि लावण्याबद्दल भरपूर लिहिलं आहे. मोटारसायकल असो, कार असो की पंपाचं इंजिन, काम त्याच क्रमाने करायचं असतं.

बोल्ट जाम का होतो, आटे का जातात

इंजिनात सगळ्यात जास्त त्रास देते ती जोडी म्हणजे ॲल्युमिनियमच्या भोकातला स्टीलचा बोल्ट. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल शिरली, विशेषतः खारट ओल, की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. त्यातून तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमधल्या फटीत ठासून बसते. बाहेरून गंजाचा डाग नसतो, आत मात्र बोल्ट सिमेंट भरल्यासारखा धरलेला असतो.

सायलेन्सरच्या बाजूला कारण वेगळं. तिथे उष्णतेनेच धातूवर पापुद्रे धरतात. तापणं आणि थंड होणं अनेकदा झालं की नट आणि स्टड (डोकं नसलेली, दोन्ही टोकांना आटे असलेली सळई) एकजीव होतात. स्टेनलेस स्टीलवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवला तर तिसराच प्रकार होतो. पृष्ठभागावरचा संरक्षक थर घासला जातो, खालचा उघडा धातू दुसऱ्या उघड्या धातूला चिकटतो आणि नट अर्ध्यातच कायमचा अडकतो. यात गंजाचा संबंध नाही, अगदी नवाकोरा नटसुद्धा असा अडकतो. बॅटरीवरच्या, बोल्ट फिरवायच्या गनने वेगात फिरवला तर हमखास.

आटे जाण्याची कारणं साधी आहेत. बोल्ट तिरका लागला, आट्यांचं अंतर जुळत नव्हतं, बोल्ट आखूड होता, किंवा गरजेपेक्षा जास्त आवळला. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे भांडणात नेहमी भोक हरतं, बोल्ट शाबूत राहतो.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्या, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर उभं आहे. आवळलेला बोल्ट म्हणजे किंचित ताणलेली कडक स्प्रिंग. त्या ताणामुळेच दोन भाग एकत्र दाबले जातात. आपण पान्याने लावतो त्या जोरापैकी साधारण निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि फक्त १० टक्क्यांच्या आसपास प्रत्यक्ष ताण देण्यासाठी उरतो. टॉर्क रेंच, म्हणजे पिळण्याचा जोर (टॉर्क) ठरवलेल्या आकड्याला पोचला की ‘टक’ करणारा पाना, टक करतो तेव्हा त्याने मोजलेलं असतं ते मुख्यतः घर्षण. आटे घाण असतील तर आकडा गाठला जातो, बोल्ट मात्र सैलच राहतो. आटे निसरडे असतील तर त्याच आकड्यावर बोल्ट भलताच ताणला जातो.

काम काढतानाच सुरू होतं

इंजिन थंड असतानाच खोला. गरम ॲल्युमिनियम आणखी मऊ असतं, आणि स्पार्क प्लगसारख्या वस्तू गरम सिलिंडर हेडमधून ओढून काढल्या तर आटे त्यांच्याबरोबर ओरबाडून येतात.

बोल्ट काढण्यापूर्वी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्या कव्हरचा ढोबळ आकार काढा, बोल्टांच्या जागी छिद्रं पाडा आणि प्रत्येक बोल्ट निघाला की आपापल्या छिद्रात खोचा. मोबाइलमध्ये फोटो काढणारे पुष्कळ असतात, पण फोटोत बोल्टची लांबी कळत नाही. क्लच कव्हर किंवा टायमिंग कव्हरमध्ये दोन-तीन लांब्यांचे बोल्ट असतात, आणि त्यांची अदलाबदल हे आटे जाण्याचं एक मोठं कारण आहे. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो. आपल्याला वाटतं आवळला, आणि जोर लावत राहिलो तर केसिंगला तडा जातो. आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर जेमतेम तीन-चार आट्यांवर सगळा भार येतो आणि ते आटे सोलून निघतात.

काढताना बोल्ट कुरकुरत येत असेल तर सरळ ओढत बसू नका. थोडा सैल, थोडा परत आत, आट्यांवर भेदक तेल, पुन्हा थोडा सैल. भुकटी अशीच बाहेर पडते. एकाच दिशेने जोर लावला की ती आट्यांत आणखी घट्ट बसते.

बोल्ट हातात आला की उजेडात धरून बघा. आट्यांच्या खोबणीत काळं तेल दिसलं तर काही नाही. पांढरी पूड दिसली तर तिथे पाणी शिरत होतं. आणि चकचकीत, मऊ, तारेसारखा वेटोळा दिसला, नखाने उचकटला तर सुटून येणारा, तर ते भोकातले आटे आहेत. तो बोल्ट साफ करून परत लावायचा विचार तिथेच सोडा. आधी भोकाचं काय झालंय ते बघा.

साफसफाई: इथे वेळ जाऊ द्या

या सगळ्या प्रकरणात सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात उपयोगी काम हेच. बोल्ट तारेच्या ब्रशने घासा. जुना थ्रेड लॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) किंवा सिलिकॉन सीलंट असेल तर खोबणीतून टोकदार सळईने काढा. मग ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडा करा. आता त्याच मापाचा एक चांगला नट घेऊन बोल्टवर बोटांनी फिरवा. तो शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी जायला हवा. मध्येच अडला तर तिथे आटा दबलाय किंवा बोल्ट ताणला गेलाय. ताण ओळखायची आणखी एक पद्धत: जुना आणि नवा बोल्ट आट्यांना आटे लावून शेजारी धरा आणि उजेडाकडे बघा. आटे एकमेकांत पूर्ण बसले पाहिजेत. एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाला फट दिसली तर जुना बोल्ट लांबला आहे. मधेच मान बारीक झालेली दिसली तर बघायचीही गरज नाही, टाकून द्या.

भोक साफ करताना लोक सरळ टॅप उचलतात. टॅप हे आटे कापायचं हत्यार आहे. भोकात घाण असो वा चांगला धातू, टॅप दोन्ही कापतो. प्रत्येक वेळी आटे थोडे पातळ होतात आणि पकड सैल होते. भोक साफ करायला थ्रेड चेझर वापरा. तो धातू कापत नाही, घाण खरवडतो आणि दबलेले आटे पुन्हा आकारात ढकलतो. चेझर नसेल तर त्याच मापाचा एक चांगला स्टीलचा बोल्ट घ्या, आट्यांवर उभ्या दोन-तीन खाचा हॅक्सॉने पाडा, खाचांच्या कडा कानशीने साफ करा. ॲल्युमिनियमच्या भोकासाठी हे घरगुती हत्यार पुरेसं असतं. थोडं तेल लावून हाताने फिरवायचं, अडलं की मागे घ्यायचं, बाहेर काढून पुसायचं, पुन्हा घालायचं.

बंद भोकं, म्हणजे ज्यांना तळ आहे अशी, यांच्यासाठी वेगळी काळजी. त्यात तेल, कूलंट किंवा धुण्याचं द्रावण साठून राहतं. द्रव दाबला जात नाही. वरून बोल्ट येतो, बाहेर पडायला जागा नसते, आणि बोल्ट पिस्टनचं काम करतो. ब्लॉकमधल्या हेड बोल्टच्या भोकांना अशानेच तडे गेलेले आहेत. तडा गेला नाही तरी टॉर्क रेंच त्या द्रवाच्या दाबावरच टक करतो आणि हेड सैल राहतं. म्हणून डोळ्यांवर चष्मा लावून कॉम्प्रेसरची हवा मारा; हवा नसेल तर कापडाची वात पिळून तळापर्यंत घाला आणि कोरडी बाहेर येईपर्यंत बदलत राहा. सिलिकॉन गॅस्केटचा गोळा भोकात ढकलला गेला तरी हाच प्रकार होतो.

त्याच वेळी एक बारीक काडी भोकात तळापर्यंत घालून खोली मोजा. ज्या भागातून बोल्ट जातो त्याची जाडी आणि वॉशर धरून बोल्ट किती आत जाईल हे कळतं. स्टीलमध्ये बोल्टच्या व्यासाइतकी पकड पुरते. ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोन पट हवी. म्हणजे ६ मिमीचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये किमान ९ मिमी तरी गेला पाहिजे आणि तरीही तळाला टेकता कामा नये.

माप जुळतंय का

६ मिमीच्या साध्या बोल्टचे आटे १ मिमी अंतरावर असतात, ८ मिमीचे १.२५ वर. १० मिमीला मात्र इंजिनात १.५ आणि १.२५ दोन्ही भेटतात, १२ मिमीला १.७५, १.५ आणि १.२५ तिन्ही. नुसता व्यास बघून डब्यातला बोल्ट उचलला तर पहिले दोन आटे सहज आत बसतात, मग घट्ट लागतो, आणि ‘नवा आहे म्हणून’ असं म्हणत माणूस पाना लावतो. पिच गेज ही पातळ पट्ट्यांची छोटी जुडी आहे, ती हत्यारांत ठेवाच. नसेल तर माहीत असलेल्या बोल्टाला आट्यात आटा लावून बघा.

ऑइल प्रेशरच्या स्विचजवळ विशेष सावध राहा. १० मिमी व्यास आणि १ मिमी अंतराचे आटे, आणि अष्टमांश इंची पाइपचे आटे, डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. शिवाय पाइपच्या आट्यांत काही निमुळते असतात; ते पाचरीसारखे बसून गळती थांबवतात. असा स्विच ‘तळाला टेकेपर्यंत’ आवळायचा नसतो. तो टेकतच नाही, आधी केसिंग फुटतं.

बोल्टच्या डोक्यावरचे, त्याच्या मजबुतीचा दर्जा सांगणारे आकडेही वाचा. ८.८ लिहिलेल्या बोल्टच्या जागी आकडा नसलेला बोल्ट लावला तर तो आवळतानाच ताणून जाईल. उलट, १२.९ चा बोल्ट लावला म्हणून ॲल्युमिनियमचं भोक मजबूत होत नाही. बोल्ट टिकतो, आटे जातात.

कोरडा, तेल की अँटी-सीझ

अँटी-सीझ म्हणजे आटे चिकटून जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट. आटे कोरडे ठेवावेत की काही लावावं यावर गॅरेजागणिक मतं आहेत आणि बरीचशी ठासून सांगितलेली असतात. सर्विस मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते सगळ्यात वर. ‘आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइल लावा’ असं लिहिलं असेल तर तेल लावायचंच, कारण आकडा ते तेल धरून दिलेला आहे. काहीच लिहिलं नसेल तर आकडा साधारणपणे स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी समजायचा.

फरक किती पडतो? कोरड्या स्टील बोल्टसाठी टॉर्कच्या हिशेबातला घर्षण धरणारा गुणांक (नट फॅक्टर) अंदाजे ०.२ धरतात, तेल लावलेल्यासाठी ०.१५. आकडा तोच ठेवला तर तेल लावलेल्या बोल्टावर ताण सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. मॉलिब्डेनम असलेल्या पेस्टने घर्षण याहूनही खाली जाऊ शकतं. ॲल्युमिनियमच्या भोकात ६ मिमीचा बोल्ट असेल तर आटे जायला एवढी वाढ पुरते. म्हणून कोरड्या आकड्याच्या जागी काही निसरडं लावणार असाल तर टॉर्क २० ते ३० टक्क्यांनी कमी धरतात.

तरीही जिथे पाणी शिरतं तिथल्या ॲल्युमिनियम-स्टील जोडीला मी अँटी-सीझ लावतोच: वॉटर पंपाचे बोल्ट, थर्मोस्टॅटचं घर, खालच्या बाजूचे, चिखल उडणारे कव्हरचे बोल्ट. पण किती? बोल्टच्या टोकाकडच्या आट्यांच्या खोबणीत पातळ थर, ब्रशने पसरलेला, धातूचा रंग थोडा दिसत राहील इतका. पूर्ण बोल्ट डब्यात बुडवणारे लोक पाहिलेत. ती पेस्ट भोकाच्या तळाशी साठते, डोक्याखाली पसरते आणि वर्षभरात धूळ धरून दगड होते.

सायलेन्सरच्या स्टडना कॉपर किंवा निकेलची पेस्ट. साधं ग्रीस तिथे जळून जातं. निकेलची पेस्ट तांब्याच्या पेस्टपेक्षा जास्त तापमान सहन करते. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर नव्याने येताना आट्यांना आधीच पेस्ट लावलेली असते. तेवढी पुरे, आणि सेन्सरच्या टोकाला तिचा स्पर्शही होऊ देऊ नका. स्टेनलेसवर स्टेनलेस असेल तर पेस्ट हवीच, आणि हळू, हाताने फिरवायचं.

थ्रेड लॉकर हे वेगळं प्रकरण. तो हवा नसलेल्या जागी, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. आटे तेलकट असले तर नीट धरत नाही. लॉकटाइट २४३ सारखे काही प्रकार थोडं तेल सहन करतात, तरी आटे स्वच्छ करणं चुकवू नका. निळा मध्यम असतो, हाताच्या हत्यारांनी निघतो. लाल काढायला साधारण २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं. ॲल्युमिनियममधल्या ६ मिमीच्या बोल्टला लाल लावणं म्हणजे पुढच्या माणसावर सूड. लॉकर आणि अँटी-सीझ एकाच बोल्टावर कधीच नाही.

नायलॉन कडी असलेले नट साधारण १२० अंशांपर्यंतच चालतात. ते सायलेन्सरजवळ लावू नका.

पहिले तीन आटे बोटांनी

इथे घाई केली की बाकी सगळी मेहनत वाया. बोल्ट भोकाशी सरळ धरा आणि आधी उलटा फिरवा, म्हणजे सोडायच्या दिशेने. बोल्टचं टोक भोकाच्या पहिल्या आट्यावरून सरकत जातं आणि एका जागी किंचित खाली पडतं. बोटांना ‘टक’ कळतं, कधी कधी ऐकूही येतं. तिथे थांबा. आता सुलट फिरवा. आट्याची सुरुवात आट्याच्या सुरुवातीला मिळालेली असते, बोल्ट तिरका जायला वावच राहत नाही.

त्यानंतर बोटांनीच, पाना न लावता, किमान तीन पूर्ण फेरे. जागा अडचणीची असेल तर हँडल नसलेली गोटी (सॉकेट) हातात धरून फिरवा. दुसऱ्या फेऱ्याला बोल्ट जड लागला तर मागे घ्या, बाहेर काढा, बघा. बरोबर लागलेला बोल्ट बोटांनी जवळजवळ डोकं टेकेपर्यंत जातो. ‘थोडा घट्ट आहे, जाईल’ हे वाक्य मनात आलं की समजायचं बोल्ट तिरका आहे.

खोल जागेतल्या स्पार्क प्लगला एक रबरी नळी लावा, पेट्रोल पाइपच्या जाडीची, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसणारी. नळीने प्लग खाली सोडा आणि नळीच फिरवा. प्लग सरळ लागला तर नळीबरोबर फिरत आत जातो. तिरका लागला तर नळी प्लगवर घसरते, आट्यांना इजा व्हायच्या आत. स्पार्क प्लगच्या लांब गोटीला आणि एक्सटेन्शनला ही जाण नसते; त्यांच्या वजनानेच प्लग एका बाजूला कलतो.

एका भागाचे सगळे बोल्ट आधी बोटांनी लावून घ्या, मगच कुठलाही एक आवळा. एखादा आवळून टाकला की कव्हर त्या बाजूला खेचलं जातं आणि पलीकडच्या भोकांत बोल्ट तिरके जायला लागतात. आवळण्यापूर्वी डोळ्यांनी एक तपासणी: सगळे बोल्ट शेवटच्या काही फेऱ्यांवर असताना त्यांची डोकी कव्हरपासून सारख्याच उंचीवर दिसली पाहिजेत. एक फार वर आणि एक फार खाली दिसला तर लांबीची अदलाबदल झालेली आहे. तपासायला डोळ्यांची एक फेरी पुरते, आणि कितीतरी केसिंग वाचतात.

भाग हाताने जागेवर बसत नसेल, उदाहरणार्थ गिअरबॉक्स आणि इंजिनमध्ये बोटभर फट राहिली असेल, तर बोल्टने ओढून बसवायचा मोह टाळा. फट असण्याला कारण असतं: डॉवेल पिन (दोन भाग नेमके जुळवणारी खुंटी) तिरकी आहे, क्लचच्या शाफ्टचे दाते जुळलेले नाहीत, मध्ये वायर अडकली आहे. बोल्टाचं काम भाग दाबून धरणं एवढंच.

आणि बॅटरीची किंवा हवेची गन सुरुवातीसाठी नाही. तिला पहिला आटा कळत नाही.

आवळणं

क्रम मॅन्युअलमध्ये असतो. नसेल तर मधून बाहेर आणि समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत. पहिला टप्पा फक्त टेकवण्यापुरता, दुसरा निम्म्या आकड्यावर, तिसरा पूर्ण. शेवटचा ओढा एकसंध आणि सावकाश द्या. झटक्याने दिला तर आकडा बरोबर येत नाही. टक झाला की थांबा. ‘खात्रीसाठी’ दुसरा टक दिला की बोल्ट आणखी फिरतो.

टॉर्क रेंच कामाला शोभेल असा हवा. चाकाच्या नटांसाठी असलेल्या मोठ्या रेंचने १० न्यूटन मीटर मोजता येत नाही. त्याची अचूकता कमाल आकड्याच्या साधारण २० टक्क्यांच्या वरच सांगितलेली असते. २०० चा रेंच म्हणजे ४० च्या वर. इंजिनाच्या कव्हरसाठी छोटा वेगळा रेंच घ्या. बोल्ट सोडायला टॉर्क रेंच वापरू नका, आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

मॅन्युअल हाताशी नसेल तर ८.८ दर्जाच्या बोल्टसाठी ढोबळ आकडे असे: ६ मिमीला १०, ८ मिमीला २५, १० मिमीला ५० न्यूटन मीटरच्या आसपास. हे स्टीलमधल्या पकडीसाठी. ॲल्युमिनियम केसिंगमध्ये उत्पादक बऱ्याचदा याहून कमी सांगतो, आणि रबरी सील असलेल्या व्हॉल्व्ह कव्हरला तर खूपच कमी. तिथे बोल्ट आवळून गळती थांबत नाही, रबर फाटतं. तेल झिरपत असेल तर सील बदला.

काही ठरावीक जागा

स्पार्क प्लग. १४ मिमीचा, चपट्या वॉशरचा नवा प्लग हाताने टेकला की त्यापुढे अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तोच प्लग पुन्हा लावताना वॉशर आधीच दबलेला असतो, त्यामुळे टेकल्यावर बाराव्या भागाइतका फेरा पुरतो. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला सोळावा भाग. ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिमीसाठी २५ ते ३० न्यूटन मीटर. प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, त्यामुळे एनजीकेसारखे उत्पादक तिथे अँटी-सीझ लावू नका असंच सांगतात.

ऑइलचा ड्रेन बोल्ट. इंजिनातले सगळ्यात जास्त आटे इथे गेलेले असतात, आणि कारण एकच: जुना वॉशर. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा दबून कडक झाला की सील करत नाही. थेंब दिसतो, मग जोर, पुन्हा थेंब, आणखी जोर, आणि मग ऑइल चेंबरचे आटे जातात. दरवेळी नवा वॉशर लावा. नसलाच तर तांब्याचा वॉशर लाल होईपर्यंत तापवून थंड केला की पुन्हा मऊ होतो.

सायलेन्सरचे स्टड. हेडमध्ये स्टड ठेवण्यामागे हिशेब आहे: ॲल्युमिनियमचे आटे एकदाच वापरले जावेत आणि रोजची झीज स्टीलच्या नटावर पडावी. नटाबरोबर अख्खा स्टड निघून आला तर त्याला तसाच परत लावू नका. स्टड वेगळा करून साफ करा, हेडच्या बाजूला हाताने पूर्ण बसवा, मग नवा नट. पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेले नट उष्णतेत चिकटत नाहीत, म्हणून तिथे तेच वापरतात.

हेड बोल्ट. बऱ्याच इंजिनांत हे बोल्ट ताणून कायमचे लांबवायचे असतात. आकडा ‘अमुक न्यूटन मीटर, मग ९० अंश, मग आणखी ९० अंश’ अशा स्वरूपात दिलेला असतो. असे बोल्ट एकदाच वापरायचे. काही हेड बोल्टांची भोकं पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात. तिथे सीलंट लावायला सांगितलेलं असतं, नाहीतर कूलंट आट्यांतून वर चढतं आणि बोल्ट गंजतो. बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनाचं क्रँककेस मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं आहे आणि त्यावर बोल्टही ॲल्युमिनियमचे दिलेत, कारण मॅग्नेशियमला स्टील लागलं तर ते फार वेगाने खाल्लं जातं. ते बोल्टही एकदाच. कुणी तिथे ‘जास्त मजबूत’ म्हणून स्टीलचे लावले तर जाम बोल्टची सोय त्याने स्वतःच करून ठेवली.

जोडणी झाल्यावर प्रत्येक आवळलेल्या बोल्टच्या डोक्यावरून केसिंगवर मार्करने एक रेघ ओढा. कुठला राहिला ते लगेच कळतं, आणि इंजिन तापून थंड झाल्यावर काही सरकलं का हेही रेघ सांगते. अंशांत आवळलेल्या बोल्टांना त्यानंतर हात लावायचा नाही.

आवळताना मऊ लागला तर

जोर वाढत वाढत जाऊन अचानक बोल्ट लोण्यासारखा फिरायला लागला तर लगेच थांबा. एकतर आटे निघताहेत किंवा बोल्ट ताणतोय. हळूच बाहेर काढून बघा. आट्यांत ॲल्युमिनियम दिसलं तर भोक दुरुस्त करावं लागेल. मोठ्या मापाचा बोल्ट ठोकणं किंवा आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळणं हे उपाय पुढच्या वेळी दुप्पट महाग पडतात.

तळाशी चांगले आटे शिल्लक असतील आणि खोली परवानगी देत असेल तर थोडा लांब बोल्ट कधी कधी काम भागवतो. नाहीतर तारेची इन्सर्ट, म्हणजे हेलिकॉइल. ६ मिमीसाठी ६.३ मिमीचं ड्रिल, मग किटमधला खास टॅप. ड्रिल सरळ जावं म्हणून शक्य असेल तर भाग काढून ड्रिल प्रेसवर ठेवा. तिरक्या भोकात सरळ बोल्ट बसत नाही. ॲल्युमिनियमला टॅप मारताना रॉकेल टाकत राहा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे चुरा तुटतो. भोक धुऊन, वाळवून, इन्सर्ट पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली जाईल इतकी फिरवा. उलटी फिरवू नका, ती उकलते. शेवटी खालची आडवी जीभ किटमधल्या पंचने मोडा आणि चुंबक न लावता चिमट्याने बाहेर काढा, कारण ही तार बहुतेकदा स्टेनलेसची असते आणि चुंबकाला धरत नाही. बंद भोकात तो तुकडा राहिला तर बोल्ट त्यावरच टेकेल, आणि रेंच वेळेआधी टक करेल.